क्रूझमध्ये बिघाड झाला, मार्ग बदलला: खान्देशातून जाणाऱ्यांनी कोणत्या क्रमाने काय करावं

जहाजात बिघाड झाला आणि मधलं बंदर रद्द झालं, की जवळपास प्रत्येक ग्रुपमध्ये एकच प्रकार होतो. चार-पाच जण गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन "पैसे भरलेत, बंदर दाखवा" म्हणून तासभर भांडतात. बंदर काही परत येत नाही. त्या तासाभरात कंपनीचं लेखी पत्र, परतीच्या तिकिटाचा बदल, स्वतः बुक केलेल्या टॅक्सीचे पैसे, म्हणजे जे खरोखर हाती लागण्यासारखं असतं, ते मात्र निसटतं.

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या प्रवाशांना याचा फटका जरा जास्तच बसतो. जहाज मुंबईला लागलं म्हणजे आपण घरी पोचलो असं होत नाही. पुढे रात्रीची गाडी असते, भुसावळला उतरून रावेर-यावल गाठायचं असतं, नाहीतर धुळ्याहून साक्री किंवा शिरपूर. सिंगापूर किंवा बार्सिलोनाहून येत असाल तर मध्ये विमानही आलं. म्हणून तयारी बुकिंगच्या दिवसापासूनच लागते.

## १. बुकिंगच्या दिवशी: मोबाईल नंबर कोणाचा लागलाय ते बघा

बरेच एजंट बुकिंगमध्ये स्वतःचा मोबाईल आणि स्वतःचा ई-मेल टाकतात. वीस-पंचवीस जणांचा ग्रुप असेल तर हमखास. मग "जहाजाचा वेग कमी आहे, अमुक बंदर वगळत आहोत, अमुक तारखेपर्यंत पर्याय कळवा" असा कंपनीचा मेल एजंटकडे पडून राहतो आणि तुम्हाला ते कळतं जहाजावर चढल्यावर.

बुकिंग नंबर मिळाला की त्याच आठवड्यात कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ॲपवर लॉगइन करा आणि प्रत्येक कुटुंबाचा निदान एक नंबर, एक ई-मेल नोंदवा. एजंट "त्याची गरज नाही, मी आहे ना" म्हणेल. तरी नोंदवाच.

मग तिकिटाच्या अटी मागून घ्या. पूर्ण वाचायचा कंटाळा आला तरी तीन कलमं वाचाच: मार्ग बदलण्याचा अधिकार, बिघाडामुळे सफर रद्द झाली तर काय, आणि मध्येच संपली तर काय. बहुतेक कंपन्यांच्या अटींत कप्तानाला बंदर वगळण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार असतो, आणि त्यासाठी भरपाई देणं बंधनकारक नाही असंही लिहिलेलं असतं. माहितीपत्रकातली रंगीत नकाशाची रेघ म्हणजे वचन नव्हे.

मात्र सगळंच कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'कार्निव्हल ट्रायम्फ' हे जहाज इंजिन रूमला आग लागून मेक्सिकोच्या आखातात बंद पडलं, ओढून किनाऱ्याला आणावं लागलं. त्याच वर्षी 'क्रूझ लाइन्स इंटरनॅशनल असोसिएशन' या संघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद जाहीर केली. सभासद कंपन्यांपुरतं तिचं सार असं: यांत्रिक बिघाडाने सफर रद्द झाली तर पूर्ण परतावा, मध्येच संपली तर अंशतः परतावा, शिवाय मूळ ठरलेल्या बंदरापर्यंत किंवा प्रवाशाच्या गावापर्यंत पोचवण्याची सोय, अनोळखी बंदरात रात्र काढावी लागली तर मुक्कामाची सोय, आणि बदलांची वेळेवर माहिती. सफर पूर्ण झाली पण एक बंदर गळलं, तर त्यासाठी भरपाईचा हक्क या सनदेत नाही. लोक भांडतात ते नेमकं याच मुद्द्यावर.

तपासा: तुमची कंपनी या संघटनेची सभासद आहे का, हे बुकिंगआधी विचारून उत्तर मेलवर घ्या.

## २. परतीची साखळी सैल ठेवा

जहाज सकाळी मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्याला लागणार आणि दुपारच्या गाडीने जळगाव गाठायचं, असं नियोजन मी तरी कोणाला करू देत नाही. वेळापत्रकातली वेळ ही जहाज धक्क्याला लागण्याची असते. त्यानंतर उतरण्याचे गट, सामान, बाहेर पडणं, टॅक्सी. सगळं सुरळीत असतानाही यात अर्धा दिवस जातो. जहाज कमी वेगाने येत असेल तर ही गणितं सकाळीच कोलमडतात.

मुंबईहून सुटणाऱ्या-परतणाऱ्या सफरीसाठी निदान त्याच रात्रीची गाडी धरा. म्हातारी माणसं सोबत असतील तर एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशीची. रेल्वेचं आगाऊ आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हाच हे ठरवून टाका. तत्काळवर विसंबू नका, कारण कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर परतावा मिळत नाही आणि जहाज लांबलं की ते पैसे गेलेच. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडच्यांनी खान्देश एक्सप्रेस धरायची असेल तर ती रोज नसते हे लक्षात ठेवा. एक दिवस चुकला तर पुढची थेट गाडी दुसऱ्या दिवशी मिळेलच असं नाही. धुळेकरांना खासगी बसचा आधार आहे, पण दिवाळीत आणि मे महिन्यात त्या बसचं भाडं आणि जागा दोन्ही हाताबाहेर जातात.

परदेशातून येत असाल तर उतरण्याच्या दिवशीचं विमान टाळा. टाळणं शक्यच नसेल तर रात्रीचं घ्या, आणि सगळे टप्पे एकाच पीएनआरवर असू द्या. वेगवेगळ्या तिकिटांत पहिलं विमान चुकलं की दुसऱ्या कंपनीला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

सावधान: एका बंदरातून सुटून दुसऱ्या बंदरात संपणारी सफर असेल तर शेवटचं बंदरच बदलण्याची शक्यता असते. तिथून निघणारं विमान किंवा रेल्वे तिकीट बदलता येण्याजोगंच काढा, चार पैसे जास्त पडले तरी.

## ३. व्हिसा, विमा, औषधं

व्हिसाची चूक सगळ्यात महागात पडते. वगळलेल्या बंदराऐवजी कंपनी भलत्याच देशातलं बंदर घेऊ शकते. भारतीय पासपोर्टवर त्या देशाचा व्हिसा नसेल तर बाकीचे फिरायला जातात आणि तुम्ही डेकवर बसता. भूमध्य समुद्राच्या सफरीत ग्रीस, इटली, क्रोएशिया शेंगेनमध्ये, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात येतात. तुर्कस्तान आणि माँटेनेग्रो येत नाहीत. शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत यायचं तर अनेक प्रवेशांचा व्हिसाच हवा. मूळ मार्गात ते नसलं तरी बदललेल्या मार्गात येऊ शकतं, म्हणून अर्ज करतानाच तसा मागा.

शेंगेन व्हिसावर दोन गोष्टी छापलेल्या असतात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि त्या मुदतीत मुक्काम किती दिवस. लोक तारखा बघतात, दिवस बघत नाहीत. जहाज अडकल्यामुळे दिवस संपायला आले तर अपरिहार्य कारणासाठी मुदत वाढवून मिळण्याची तरतूद आहे आणि तिला शुल्क नाही, पण अर्ज व्हिसा संपण्याआधी तिथल्या कार्यालयात करावा लागतो. पुरावा म्हणून जहाजाचं पत्र लागेल.

विमा घेताना एजंटला "क्रूझ कव्हर आहे ना?" एवढंच विचारून भागत नाही. उत्तर "हो" असंच येतं. दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, तेही मेलवर. यांत्रिक बिघाडामुळे बंदर वगळलं तर काही मिळेल का? आणि जहाज उशिरा लागल्यामुळे विमान चुकलं तर नव्या तिकिटाचे पैसे मिळतील का? पहिल्याचं उत्तर बहुधा "नाही" येईल. दुसऱ्याचं "हो" असेल तर किमान किती तासांचा उशीर लागतो तेही विचारा. विमा लवकर घ्या, कारण बिघाड जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत तोच बिघाड धरला जात नाही.

रक्तदाब, साखर, थायरॉइडच्या गोळ्या सफरीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीच्या घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. त्या बॅगेत गोळ्या गेल्या आणि उतरणं लांबलं, की आप्पांची सकाळची गोळी चुकलीच.

## ४. निघण्याआधीच बिघाडाचा मेल आला तर

आजच्या बऱ्याच मोठ्या जहाजांना पाण्याखाली पॉड असतात, म्हणजे इलेक्ट्रिक मोटार आणि पंखा एकाच फिरत्या घडणीत. त्यातलं बेअरिंग झिजलं तर मोठ्या दुरुस्तीसाठी जहाज सहसा कोरड्या गोदीत न्यावं लागतं. एवढी मोठी जहाजं घेणाऱ्या गोद्या जगात मोजक्याच आहेत आणि त्यांच्या तारखा खूप आधी ठरलेल्या असतात. मग कंपनी कमी वेगाने, बदललेल्या मार्गाने कित्येक आठवडे जहाज चालवते. म्हणून असा मेल बरेचदा प्रवासाच्या पुष्कळ आधी येतो.

साधारणपणे पर्याय असे असतात: बदललेला मार्ग स्वीकारा आणि जहाजावर खर्चायला थोडी रक्कम घ्या, दुसरी तारीख घ्या, किंवा रद्द करा. प्रत्येक वेळी तिन्ही मिळतीलच असं नाही. उत्तराला मुदत असते, आणि ती भारतीय वेळेनुसार असेलच असं नाही.

क्रम असा ठेवा:

- मेल स्वतः वाचा. एजंटने सांगितलेला सारांश पुरेसा नाही.
- परतावा पैशात आहे की पुढच्या सफरीचं क्रेडिट, ते बघा. क्रेडिट असेल तर ते कधीपर्यंत वापरायचं आणि दुसऱ्याच्या नावावर करता येतं का, तेही.
- तुम्ही वेगळं काढलेलं विमान, हॉटेल, व्हिसा फी यातलं कंपनी काय देते ते विचारा. बहुधा काहीच नाही, किंवा एका मर्यादेपर्यंत.
- पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटने तुमच्याकडून आधीच वसूल केलेला आयकर, कापला गेला असेल तर रद्द झाल्यावर त्याचा हिशेब एजंटकडून लेखी घ्या आणि आयकर खात्याच्या तुमच्या वार्षिक करपत्रकात ती नोंद आहे का ते सीएला दाखवा.
- ग्रुपमध्ये निर्णय कुटुंबागणिक घ्या. "सगळे जातील तर आम्ही" यात मुदत निघून जाते.

सावधान: कंपनीचा पर्याय येण्याआधी रागाच्या भरात स्वतःहून रद्द करू नका. तेव्हा ते तुमचं रद्द करणं ठरतं आणि नेहमीची कापणी लागते. तीच सफर आठवड्याभराने कंपनीने रद्द केली असती तर पूर्ण पैसे मिळाले असते, हे नंतर कळून उपयोग नाही.

## ५. कोणतं बंदर गळणार, हे स्वतः मोजा

हा हिशेब पाचवी-सहावीतला आहे आणि फार उपयोगी. जहाजाचा वेग नॉटमध्ये मोजतात, एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर.

समजा दोन बंदरांत ३०० सागरी मैल आहेत. २० नॉटने १५ तास लागतात: मंगळवारी संध्याकाळी पाचला निघालं तर बुधवारी सकाळी आठला पोचलं. वेग १६ नॉटवर आला तर तेच अंतर पावणेएकोणीस तासांचं, म्हणजे पोचायला पावणेबारा. सकाळची सहल गेली. पुढचा टप्पा ४०० मैलांचा असेल तर २० तासांचे २५ होतात. बुधवारी संध्याकाळी सहाला सुटलेलं जहाज गुरुवारी दुपारी दोनऐवजी संध्याकाळी सातला पोचणार. असं बंदर कंपनी ठेवत नाही.

वेग १६ नॉटच का धरला, तर जहाजाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून निम्मी शक्ती गेली तरी वेग निम्मा होत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास राहतो. व्होल्टेज कमी असताना विहिरीवरची मोटार चालते, पण शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोचत नाही, तसं. आत दिवे, एसी, जेवण सगळं चालू असतं, म्हणून "बिघाड कुठे आहे? खोटं बोलतात" असं वाटतं. त्यात खोटं काही नसतं.

तर घोषणेत कमी केलेला वेग सांगितला की नकाशावरचा सगळ्यात लांबचा टप्पा शोधा. त्या टोकाच्या बंदरासाठी स्वतंत्रपणे काही बुक केलं असेल तर तेच आधी सोडवायचं.

## ६. जहाजावर घोषणा झाली: पहिला तास

घोषणा इंग्रजीत, भोंग्यावरून, अर्धी कळते. नाना विचारतात, "आते काय करानं?" उत्तर असं:

पहिलं, घोषणा मोबाईलवर रेकॉर्ड करा. केबिनमध्ये छापील पत्र आलं किंवा ॲपवर संदेश आला की फोटो, स्क्रीनशॉट. ॲपवरचे संदेश नंतर बदलतात किंवा नाहीसे होतात.

दुसरं, घरी फोन करण्याच्या घाईत मोबाईल विमान-मोडमधून काढू नका. समुद्रात फोन जहाजाच्या नेटवर्कला जोडला जातो आणि त्याचे दर जमिनीवरच्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. साधा रोमिंग पॅक तिथे बहुधा चालत नाही. जहाजाचं वायफाय घ्या. बिघाडाच्या वेळी काही कंपन्या ते थोडा वेळ मोफत देतात, विचारून बघा.

तिसरं, बाहेरून बुक केलेल्या सहली रद्द करा. कंपनीकडून घेतलेल्या सहलीचे पैसे बंदर वगळल्यावर आपोआप परत येतात. इंटरनेटवरून स्वतः घेतलेल्या टॅक्सीचे किंवा गाइडचे येत नाहीत. तिथे चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तास आधी कळवण्याची अट असते. काउंटरवरच्या भांडणात जातो तो हाच वेळ.

चौथं, शेवटच्या बंदराची वेळ बदलली असेल तरच परतीच्या तिकिटाला हात लावा. फक्त मधलं बंदर गेलं आणि शेवटची वेळ तीच असेल तर गाडी-विमान बदलून उगाच पैसे घालवू नका.

पाचवं, आता काउंटर. ग्रुपमधून एकानेच जा. "वुई नीड अ लेटर फॉर इन्शुरन्स" एवढं म्हटलं की काम होतं. पत्रात जहाजाचं नाव, तारीख, बदलाचं कारण तांत्रिक बिघाड असल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि बंदरांच्या जुन्या-नव्या वेळा हव्यात. "ऑपरेशनल कारण" असं मोघम लिहिलं असेल तर नम्रपणे पुन्हा मागा. विमा कंपनी त्याच शब्दावर अडवते. समोरची मुलगी किंवा मुलगा मार्ग ठरवत नाही, तेव्हा आवाज चढवून काही साधत नाही.

तपासा: बदललेल्या बंदरात उतरण्याआधी जहाजावर परतण्याची नवी वेळ दरवाजापाशी लिहिलेली असते, ती वाचा. जुन्या कागदावर विसंबलात तर जहाज निघून जाईल. मोबाईलची वेळ आपोआप स्थानिक होते, जहाजाची वेळ वेगळी असू शकते; साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा.

## ७. पैशांचा हिशेब शेवटच्या रात्रीपूर्वी

वगळलेल्या बंदराचे कर आणि शुल्क सामान्यतः प्रवाशांच्या खात्यात परत जमा होतात. रक्कम लहान असते. ती, सहलींचा परतावा आणि भरपाई म्हणून दिलेलं क्रेडिट असं तिन्ही तुमच्या खात्याच्या पानावर वेगवेगळं दिसायला हवं. जहाजावर वापरायचं क्रेडिट बहुधा रोखीत मिळत नाही आणि उतरल्यावर संपतं, तेव्हा विचारून घ्या आणि संपवून टाका. टिप्स त्यातून वळत्या करता येतात का, हे विचारायला बरेच जण विसरतात.

उतरण्याच्या सकाळी काउंटरला लांब रांग असते. आदल्या दुपारी जा.

## ८. वीज गेली किंवा सफर मध्येच थांबली

हे क्वचितच घडतं, पण क्रम माहीत असावा. मुख्य वीज गेली की आपत्कालीन जनरेटरवर ठराविक यंत्रणाच चालतात. जहाजाची शौचालयं निर्वात पद्धतीची असतात आणि त्यांना वीज लागते, म्हणून फ्लश चालत नसेल तर पुन्हा पुन्हा दाबू नका, सूचना येऊ द्या. लिफ्ट टाळा. औषधं, पासपोर्ट, चष्मा, टॉर्च, पाण्याची बाटली एका लहान पिशवीत घ्या आणि पहिल्या दिवशी दाखवलेली जमण्याची जागा जिन्याने कशी गाठायची ते सगळ्यांना सांगा. पहिल्या दिवशीची ती कवायत चुकवून बुफेत बसलेल्यांची या वेळी पंचाईत होते.

भलत्याच बंदरात उतरवलं तर स्वतःचं विमान लगेच काढू नका. आधी कंपनीची सोय काय आहे ते लेखी घ्या. ती पटत नसेल आणि स्वतः काढायचंच असेल तर "भाडं परत देऊ" हे मेलवर आल्यावर काढा. काही जहाजांवर पासपोर्ट कंपनीकडे जमा असतात. हाती पडल्याशिवाय धक्का सोडू नका. त्या देशाचा व्हिसा नसेल तर कंपनीच्या बंदर-प्रतिनिधीलाच पुढे करा आणि जवळच्या भारतीय दूतावासाला कळवून ठेवा.

## ९. घरी आल्यावर

आठवडाभरात एजंट आणि कंपनी दोघांना एकच मेल करा: बुकिंग नंबर, काय बदललं, किती खर्च झाला, काय मागता. पानभर संताप नको, आकडे लिहा. विम्याचा दावा वेगळा. त्याची मुदत पॉलिसीत असते आणि ती बरीच कमी असू शकते.

दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे मुंबईच्या एजंटविरुद्धही जळगाव, धुळे किंवा नंदुरबारला. त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करता येते.

कशात दम आहे तेही सांगतो. नुसतं बंदर वगळलं, ही तक्रार कमकुवत आहे, कारण अटींत तो अधिकार लिहिलेला असतो. बदलाचा मेल एजंटकडे आला होता आणि त्याने तुम्हाला न सांगता उरलेले पैसे भरून घेतले, ही तक्रार भक्कम. कंपनीने परत केलेले कर किंवा सहलीचे पैसे एजंटने दाबून ठेवले, हीसुद्धा. त्यासाठी कंपनीच्या मेलवरची तारीख आणि तुम्ही पैसे भरल्याची तारीख शेजारी शेजारी दाखवा, आणि ग्रुपची एकच पावती असली तरी प्रत्येक कुटुंबाच्या नावाने किती रक्कम गेली याचं बँक स्टेटमेंट जोडा.